पाठमोऱ्या चाळीतली मैना

महाडच्या बाजारपेठेतून नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत मुरारीशेठची आठ खोल्यांची चाळ आहे. ती गावाकडे पाठ करून उभी आहे. दारं सगळी मागच्या भातगिरणीच्या पत्र्याकडे, आणि गल्लीच्या अंगाला नुसती मोऱ्यांची भिंत. वर हातभर रुंदीचे झरोके, खाली सांडपाण्याचे पाइप. नवखा माणूस पत्ता शोधत आला की आधी त्या भिंतीपुढे उभा राहतो, मग चाळीला वळसा घालतो, आणि दार सापडलं की पाणी मागायच्या आधी विचारतो, "ही कोणाची अक्कल?"

अक्कल राजूची. पोलादपूरच्या शाळेतून दहावी, मग बांधकामाचा डिप्लोमा, आणि मुरारीशेठकडे पहिलंच काम. आखणीच्या दिवशी वारा सुटला होता. राजूने नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि त्या धांदलीत पूर्व पश्चिमेला जाऊन बसली. त्याने चुन्याची फक्की मोठ्या ऐटीत मारून दिली आणि बहिणीच्या, माधुरीच्या लग्नाला तो पोलादपूरला पसार झाला. हळद, लग्न, पूजा, गोंधळ आटपून आला तर जोतं वर आलेलं, आणि मुरारीशेठ टोपी हातात घेऊन उभे.

"राजा, माझी चाळ गावावर रुसली का रे?"

"शेठ, उलट बरंच झालं. भाडेकरूंना प्रायव्हसी मिळेल."

हा शब्द त्याने डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी ऐकला होता. तो कुठेतरी वापरायला मिळाला म्हणून त्याला त्याही प्रसंगात थोडं बरं वाटलं.

हा राजू म्हणजे हे लिहिणाराच. पण पुढची गोष्ट त्याची नव्हे, म्हणून त्याला आपला राजूच राहू द्यावं. गोष्ट मैनाची आहे.

मैना ढेबे त्या चाळीत आली ती सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर. घर वरंध घाटाच्या डोक्यावर, धनगरवाड्यात. नवऱ्याला, कुशाबाला, बिरवाडीकडच्या एका कंपनीच्या फाटकावर वॉचमनची नोकरी लागली. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. रोज डोंगर चढून उतरणं त्याच्या गुडघ्यांना झेपेना. पोरगी सासरी गेलेली. शेळ्या दिराच्या दावणीला गेल्या, घराला कडी घातली, आणि दोघं एक ट्रंक, एक घोंगडी आणि तांदळाची गोणी घेऊन खाली उतरली. गावाकडे पाठ असल्यामुळे मुरारीशेठच्या खोल्या स्वस्त होत्या.

डोंगरावर मैनाने दार उघडलं की समोर दरी, दरीपलीकडे दुसरी सोंड, आणि सोंडेवर जनीचं घर. जनी आणि मैना एकाच शिमग्याच्या आगेमागे लग्न होऊन आल्या, एक या अंगाला, एक त्या अंगाला. मधली घळ अशी खोल, की आवाज एका दमात पोचायचा आणि पाय पोचायला अर्धा दिवस लागायचा. त्यामुळे दोघींची समोरासमोर गाठ वर्षातून एकदा-दोनदाच पडे. पण रोज दिवेलागणीला, शेळ्या कोंडल्या की मैना अंगणाच्या टोकाला जायची, तोंडापाशी हात धरायची आणि हाळी घालायची:

"हाय का गोऽऽऽ?"

मग थांबायचं. आवाज उतरायचा, चढायचा, पलीकडे पोचायचा. तेवढ्या वेळात वाऱ्याचा आवाज ऐकू यायचा, घाटातून जाणारी एखादी गाडी दिसायची. आणि पलीकडून यायचं:

"हाय गोऽऽऽ!"

झालं. बोलणं संपलं. कोणी व्यायलं, कोणी आजारी पडलं, तर शेपटाला एखादा शब्द जास्त. एरवी विचारायचं एवढंच, की तू आहेस ना, आणि सांगायचं एवढंच, की आहे. कधी उत्तराला उशीर झाला तर मैनाच्या घशाखाली घास उतरत नसे.

"लग्न माझ्याशी लावलंस का जनीशी?" कुशाबा विचारायचा.

"तुमच्याशी लावलं, पन तुम्हाला हाक मारली तर तुम्ही 'काय हाय?' म्हनता. ती 'हाय' म्हनते."

चाळीत आल्यावर पहिले काही दिवस तिने सवयीने दार उघडं टाकलं आणि उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली. समोर गिरणीचा पत्रा. पत्र्याचा एक खिळा निसटलेला, त्यामुळे वारा आला की तो कोपरा हलायचा. शेजार म्हणावा तर तेवढाच. गिरणी सुरू झाली की कोंडा उडायचा, म्हणून बाकीच्या सात खोल्यांची दारं सदा बंद. बायका आत, पुरुष पाळीवर. डोंगरावर सकाळी दार लावून घेतलं तर लोक धावत यायचे, घरात कोणी गेलं का म्हणून. इथे दार उघडं ठेवणारीकडे बघायलाही कोणी नव्हतं. चार दिवसांनी मैनानेही दार लोटून घेतलं. पुढ्यात माणूस नसेल तर दार उघडं ठेवायचं तरी कोणासाठी?

"अवो, या गावात मानसं हायत का?" तिने कुशाबाला विचारलं.

"खुळी काय? पेठेत पाय ठेवायला जागा नाय."

"मग ती जातात कुठून?"

"चाळीच्या मागून."

"मागून नाय. पुढूनच जातात. मागं आपन हाव."

कुशाबाला हे काही कळलं नाही. तो झोपला. दिवसभर गाड्यांना सलाम करून त्याचा हात दुखत असे.

मैनाचं जेवण कमी झालं. दुखत काही नव्हतं. नुसतं छातीवर कोणीतरी जातं ठेवल्यासारखं वाटायचं, आणि दुपारी ते जास्त जड व्हायचं. एका दुपारी ती मोरीत भांडी घासत होती तेव्हा वरच्या झरोक्यातून आवाज आला, "पाऽव बटर, पाऽव!" मग सायकलची घंटी. मग दोन बायकांचं हसणं. मैना भांडी टाकून उठली. पेठेतून आणलेली तिची एक लाल प्लॅस्टिकची बादली होती. ती तिने पालथी घातली, वर चढली, आणि झरोक्याला तोंड लावलं.

खाली गल्ली होती. माणसांनी भरलेली.

त्या दिवसापासून मैनाचा मुक्काम बादलीवर. वरून बघत असल्यामुळे तिला माणसांची तोंडं दिसत नसत, डोकी दिसत. महाडची पहिली ओळख तिला टाळूच्या बाजूने झाली. एक टक्कल होतं, कानावर पेन्सिल खोचलेलं. ते रोज दुपारी घरी जेवायला जायचं आणि परतताना जरा हळू चालायचं. एक कोळणीची टोपली होती, तिच्यामागे दोन मांजरं. पाववाल्या सहदेवची पिवळी टोपी. आणि एक अंबाडा, त्यावर न चुकता अबोलीचं एकच फूल; तो समोरच्या घरातून सकाळी निघायचा आणि संध्याकाळी हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन परत यायचा. पुढे एकदा वाण्याच्या दुकानात त्या अंबाड्याची बाई मैनाशेजारी उभी होती, पण मैनाला ओळख पटेना. बाई पडलेली पिशवी उचलायला वाकल्या तेव्हा कुठे तिला दिसलं, आणि ती मोठ्याने म्हणाली, "अगो बया, ह्या त्या व्हय!" बाई दचकल्या आणि तशाच हळूच बाहेर पडल्या.

बादलीवर उभं राहिलं की जातं उतरायचं. डोकी जायची, यायची. पण कोणी वर बघत नव्हतं. त्या भिंतीकडे बघण्यासारखं होतं तरी काय?

पौषातली एक संध्याकाळ. कुशाबा पाळीवर. वीज गेलेली. गल्लीत कोणी कंदील लावत होतं, कोणी शेगडी. आणि नदीकडून शेळ्यांचा एक कळप गळ्यातल्या घंटा वाजवत पेठेकडे निघाला. मैना बादलीवरच होती. घंटा, धूर, शेळ्यांचा वास आणि काळोख असं सगळं एकदम झरोक्यातून आत आलं आणि ती कुठे उभी आहे हेच विसरली. तिने तोंडापाशी हात धरला.

"हाय का गोऽऽऽ?"

दरी ओलांडायची सवय असलेला तो आवाज हातभर झरोक्यातून बारा पावलांच्या गल्लीत सुटला. शेळ्या उधळल्या. सहदेव सायकलसकट गटारात गेला आणि त्याचे पाव नदीच्या दिशेने तरंगत निघाले. दोन घरांत देवापुढचे दिवे पुन्हा लावावे लागले. आणि सगळ्यांनी पाहिलं: भिंतीपुढे कोणी नव्हतं. आवाज भिंतीतून आला होता.

सकाळी पाइपाशी हळदकुंकू लावलेलं लिंबू. मुरारीशेठनी राजूला बोलावलं. "मोरी तुझी, पाइप तुझे. भूतही तुझंच. जा, बघून ये."

राजूने चाळीला वळसा घातला आणि एकेक दार वाजवत मैनाच्या खोलीशी आला.

"मावशी, काल तुमच्या मोरीत काही आवाज आला का?"

"आला की. माझाच व्हता."

"तुमचा? कशासाठी?"

मैनाने त्याला वरखाली पाहिलं. हातात टेप, खिशाला दोन पेनं. "तूच काय रे तो, चाळ फिरवनारा?"

"ते... वारा होता, मावशी."

"आमच्या डोंगरावर यापेक्षा मोठा वारा असतो. पन घरं कधी फिरली नायत."

राजूला विषय बदलायचा होता. "बघू, आवाज कुठून गेला," म्हणत तो मोरीत शिरला, पालथ्या बादलीवर बुटासकट चढला, आणि इंजिनियरच्या नजरेने झरोक्याचं माप घ्यायला लागला. बादलीने एकदा चर्र केलं आणि तिचा तळ खाली गेला. राजू बादलीत गुडघ्यापर्यंत उभा राहिला.

मैना हसली नाही. याचंच त्याला जास्त लागलं. तिने बादली उचलली, तळातून हात आरपार घातला आणि म्हणाली, "आता मी बघू कशी?"

"नवीन आणून देतो, मावशी. उद्याच."

हा उद्या लक्षात ठेवावा.

बाहेर येऊन राजू गल्लीच्या बाजूने भिंत न्याहाळू लागला तेव्हा समोरच्या घराची खिडकी किलकिली झाली. अबोलीचं फूल. संजीवनी हाटे, प्राथमिक शाळेच्या बाई.

"काय इंजिनियर, भूत सापडलं?"

"सापडलं, बाई. धनगरवाड्यावरचं आहे. एकटं असतं."

"मग आमच्यासारखंच." बाईंनी खिडकी थोडी आणखी उघडली. "तुमची चाळ नव्हती तेव्हा इथून सावित्रीचं पात्र दिसायचं आणि पलीकडचा डोंगर. वह्या तपासताना मान वर केली की डोळे डोंगरापर्यंत जाऊन यायचे. आता मान वर करते तर आठ पाइप. म्हणून खिडकी बंदच ठेवते. पोरांना मार्कही कमी द्यायला लागलेय मी. त्याचंही पाप तुमच्याच डोक्यावर."

त्या रात्री जेवताना राजू मनात हिशोब मांडत राहिला. भिंत फोडून दार काढायचं म्हटलं तर मोऱ्या, पाइप, सगळंच आडवं. मुरारीशेठ ऐकून घेणार नाहीत, आणि बरोबरच होतं. पण जोत्याचे काळे दगड उरले होते, ते गल्लीच्या कडेला पडून होते. त्याने एका गवंड्याला धरलं आणि मैनाच्या झरोक्याखाली, दोन पाइपांच्या मधे, माणूस पाय सोडून बसेल असा एक कट्टा बांधून घेतला.

"भुताला बसायला जागा करतोयस?" मुरारीशेठ म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

इकडे कुशाबाला हाळीची बातमी कंपनीच्या फाटकावरच कळली. सहदेवनेच सांगितली, कोपराचं खरचटलेलं दाखवत. तो घरी आला तो चिडून.

"अगो, हा काय डोंगर हाय? लोक काय म्हनतील?"

"काय म्हनतील ते म्हनू दे. म्हनतात तरी का कोन काय?"

"पुन्यांदा वरडायचं नाय."

मैना ओरडली नाही. राजूने मोठ्या कौतुकाने बांधलेल्या कट्ट्यावर ती एकदा जाऊन बसली. पाठीला भिंत, पुढ्यात बंद खिडकी. जाणारे तिच्याकडे बघत आणि पाय उचलत. सहदेव तर सायकलवरून उतरून तिला लांबून वळसा घालून गेला. ती उठून आत आली आणि तिने ट्रंक उघडली.

"शिमग्याला वर जाते. आता परत नाय येनार."

"आनि मी?" कुशाबा म्हणाला.

"तुम्हाला फाटक हाय. गाड्या येतात, तुमचा सलाम घेतात. मला कोन हाय?"

कुशाबा डोंगरावर परत जाऊ शकत नव्हता, आणि इथे एकटा राहून भाकरी थापणं त्याला येत नव्हतं. पण भाकरीचं त्याला तेवढं नव्हतं. पाळीवरून परत येताना गिरणीच्या बोळात शिरलं की बंद दाराच्या फटीतून दिसणारा उजेड त्याला हवा होता. हे बोलायचं कसं, ते त्याला माहीत नव्हतं. शिमग्याला त्याने तिला एसटी स्टँडवर पोचवलं, कागदात बांधलेली भजी हातात दिली, आणि गाडी हलली तेव्हा हात वर केला तो थेट कपाळाशी गेला. सवयीने सलाम झाला. मैनाने तोंड फिरवलं. हसू आलं होतं का रडू, ते तिचं तिला ठाऊक.

वर पोचली, कडी काढली, केर काढला, चूल पेटवली. हवा तीच. दिवेलागण झाली. ती अंगणाच्या टोकाला गेली तेव्हा तिच्या पायांना इतके महिने न मिळालेला उतार मिळाला. तिने छाती भरून घेतली.

"हाय का गोऽऽऽ?"

आवाज उतरला, चढला, पोचला. ती थांबली. वारा ऐकू आला. घाटात एक गाडी दिसली, वळणावर लपली. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा घातली. पलीकडची सोंड काळी होत गेली आणि तिच्यावर दिवा लागला नाही.

शेजारचा म्हातारा रायबा घोंगडी सावरत आला. "मैने, घसा कशाला फोडतेस? जनी नाय आता तिकडं. लेकानं जीप घेतली ना पोलादपूरला, तिथं खोली केलीय. माघात गेली."

मैनाने तोंडापाशीचा हात खाली घेतला.

"तू गेलीस आनि ती रोज हाळी घालायची," रायबा म्हणाला. "तुझ्या घराला कडी हाय हे ठाऊक असून. मी एकदा हितून 'नाय गोऽ' म्हनून सांगितलं. तर मलाच शिव्या दिल्या."

मैना होळीपुरती राहिली. पुरणपोळी खाल्ली, दिराच्या दावणीतल्या आपल्या शेळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला. एक सोडली तर बाकीच्यांनी ओळख दाखवली नाही. संध्याकाळी मात्र ती अंगणाच्या टोकाला जाईना. दरी होती, डोंगर होता, आणि तरी चाळीपुढच्या पत्र्याकडे बघत बसल्यासारखंच वाटत होतं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ती उतरली आणि महाडहून थेट पोलादपूरची गाडी धरली.

पोलादपूरला एसटीने तिला हायवेच्या या अंगाला उतरवलं. जनीची खोली टायरच्या दुकानामागे, असं रायबाने सांगितलं होतं; दुकान पलीकडे आहे, हे कंडक्टरने हात करून दाखवलं. मधून ट्रक. कशेडी घाट उतरून आलेले, घाट चढायला निघालेले, एकामागे एक, भोंगे वाजवत. मैनाने चारदा पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. तेवढ्यात दोन ट्रकांच्या फटीतून तिला दिसली: पलीकडच्या पायरीवर, गुडघ्यांना मिठी मारून, ट्रकांकडे बघत बसलेली जनी. खांदे पडलेले. मग ट्रक आडवा आला.

मैनाने पिशवी खाली ठेवली, हात तोंडापाशी धरला.

"हाय का गोऽऽऽऽ?"

टायरवाला दचकून बाहेर आला. एक ड्रायव्हर ब्रेक मारून खाली वाकून बघायला लागला. ट्रक गेला, दुसरा गेला. पलीकडे जनी उभी राहिली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग समोर.

"हाय गोऽऽऽऽ!"

दोघी हायवेच्या दोन काठांवर उभ्या राहिल्या आणि कोणीच लगेच ओलांडेना.

मग ओलांडलं. जनीच्या खोलीत चहा झाला. आणि गंमत अशी, की एवढ्या जवळ बसल्यावर दोघींना काय बोलावं ते सुचेना. आयुष्यभर दरीच्या अंतराने बोललेल्या बायका. हाताच्या अंतरावर आवाज कुठे ठेवायचा हेच कळत नव्हतं. जनी तिच्या तोंडाकडे बघत होती. "पिकलीस की गो. तिकडून दिसत नव्हतं."

"तू काय हिरवी राहिलीस काय?"

हसल्या. मग जनी म्हणाली, "हितं सांजेला बोलायला तोंड उघडलं की आधी ट्रक बोलतो. आपली पाळीच येत नाय. तुझ्याकडं हाय का कोन, 'हाय' म्हननारं?"

"नाय. एक मास्तरीण हाय समोर. बंद खिडकीवाली. कधी कधी उघडते."

"मग तिला शिकीव."

"मास्तरणीला?"

"मग? शिकवायचं ते तिनंच का?"

संध्याकाळच्या गाडीने जनीने तिला बसवलं. गाडी सुटल्यावर दोघींनीही हाळी घातली नाही. पुरवून ठेवायची असावी.

कुशाबा पाळीवरून गिरणीच्या बोळात शिरला तेव्हा दाराच्या फटीत उजेड होता. तो जरा वेळ बोळातच उभा राहिला.

"आलीस?"

"आले."

"कशी?"

"येष्टीनं."

एवढंच. पण त्या रात्री तो दोन भाकऱ्या जास्त जेवला, आणि 'वरडायचं नाय' हे पुन्हा कधी निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मैना चाळीला वळसा घालून कट्ट्यावर येऊन बसली. समोर बंद खिडकी. तिने आवाज गल्लीच्या मापाचा केला, म्हणजे तिच्या समजुतीने, आणि म्हणाली, "हाय का गोऽ?"

खिडकी उघडली. "मला म्हणालात?"

"दुसरं कोन हाय? बाई, तुम्ही नुसतं 'हाय' म्हना. दुसरं कायबी नको."

"आहे."

"हाय."

"हाय," बाई म्हणाल्या, हजेरीला म्हणतात तसं.

"असं नाय. हजेरी नाय घेत मी. लांबवा जरा, शेवटाला."

संजीवनीबाईंनी आधी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. शाळेतली कोणी पोरं नव्हती. "हाय गोऽ," त्या म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. मग त्यांनी खिडकीची दुसरी फळीही उघडली, कारण एका फळीतून हसता येत नव्हतं.

रोज व्हायला लागलं. पण मैनाला काहीतरी खुपत होतं. दरीवरून उत्तर यायला वेळ लागायचा, आणि त्या वेळातच सगळं असायचं: वारा, घाटातली गाडी, काळजी, आणि ती सुटणं. इथे तिचं तोंड मिटायच्या आत समोरून उत्तर हजर.

"बाई, एक सांगू? जरा थांबून देत जा."

"किती थांबू?"

"मला वाटलं पायजे, की आज नाय येत."

बाई थांबायला शिकल्या. सुरुवातीला फार थांबल्या, मग बरोबर थांबायला लागल्या. त्या फटीत मैना डोळे मिटून घ्यायची. गल्लीत दरी मावत नाही. पण बारा पावलांच्या त्या जागेत तेवढ्या वेळापुरता कुठूनतरी वारा आल्यासारखा वाटायचा, आणि डोळे उघडले की पुन्हा पाइपच असायचे. हे रोजचंच होतं. तिने कोणाला सांगितलं नाही. कुशाबाला ते न सांगता कळत असावं, कारण सुट्टीच्या दिवशी तो त्या वेळेला गिरणीच्या बाजूलाच बसून राही.

पुढे कट्ट्यावर मासे ठेवून कोळण दम खायला लागली. कानावर पेन्सिलवालं टक्कल जेवून येताना टेकायला लागलं. सहदेवने आधी लांबून, मग जवळून, मग बसून पाव विकले. एका पावसाळ्यात गल्लीत पुराचं पाणी शिरलं आणि उतरलं, तेव्हा कट्ट्यावर वीतभर चिखल होता. मैना खराटा घेऊन वळसा घालून आली तर संजीवनीबाई पदर खोचून तो आधीच धूत होत्या. मैनाने खराटा बाजूला ठेवला आणि पाणी ओतायला लागली.

वर्षातून एकदा, शिमग्यानंतर, मैना पोलादपूरला जाते. हायवे आता आणखी रुंद झालाय, त्यामुळे उत्तर यायला आणखी वेळ लागतो. दोघींना ते आवडतं असं दिसतं.

राजूने त्यानंतर महाडात बऱ्याच इमारती बांधल्या आणि त्यांची तोंडं शक्यतो गावाकडे ठेवली. तो त्या गल्लीतून रोज जातो. स्कूटर वळणावर दिसली, की कट्ट्यावरून मैना तोंडापाशी हात धरते.

"राजूऽऽऽ! बादलीऽऽऽ!"

तो मान खाली घालतो, जरा थांबतो, आणि मग ओरडतो, "आणतो, मावशीऽऽऽ!"

पेठेत बादल्यांची दोन दुकानं आहेत, दोन्ही त्याच्या वाटेवर. अजून आणलेली नाही.